पंधरा अपग्रेड

परवा चहा पिता पिता मैत्रिणींनी पुन्हा तेच काढलं, "तुझ्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे किस्से सांग नं वं!" आता काय काय सांगू? आमच्याकडे दिवसाला दहा गिऱ्हाईकं भांडायला यायची. नऊ जण नुसते भांडून जायचे आणि दहावा एक किस्सा ठेवून जायचा. हे असं तीन वर्षं चाललं. किती साचले असतील, तुम्हीच बघा!

साल अठ्ठ्याऐंशी. नागपुरात सीताबर्डीवर पहिल्या मजल्यावर आमचं दुकान. मालक बोरकर साहेब, आणि दुकानातली एकुलती एक इंजिनीअर मी, गजभिये. गिऱ्हाईक जिना चढून धापा टाकत यायचं, मला बघायचं आणि विचारायचं, "इंजिनीअर साहेब बाहेर गेले का?"

पहिले सहा महिने माझं डोकं तापायचं. नंतर मी म्हणायला लागले, "हो, बाहेर गेलेत. ते येईपर्यंत मी दुरुस्त करून ठेवते."

आम्ही मुंबईच्या एका कंपनीचं पॅकेज विकायचो. आता तुम्ही सॉफ्टवेअर म्हणता, तेव्हा आम्ही पॅकेज म्हणायचो. दोन फ्लॉप्या आणि एक जाडजूड पुस्तक. त्यात नावं-पत्ते भरायचे, हवी तशी यादी काढायची, पाकिटांवर पत्ते छापायचे. मार्चमध्ये आम्ही ते धडाधड विकलं आणि एप्रिलमध्ये कंपनीने व्हर्जन टू काढलं! जुन्या गिऱ्हाइकाला ते फुकट नाही, अर्धी किंमत मोजायची. वर बोरकर साहेबांना पत्र, की दिवाळीच्या आत पंधरा जुन्या गिऱ्हाइकांनी अपग्रेड घेतलं पाहिजे, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला देऊ.

एजन्सी गेली की माझी नोकरी गेली. बाबांची मिल बंद पडून दोन वर्षं झाली होती, घरात पगार एकच, माझा. त्यामुळे मी पोळ्या लाटतानाही पंधराच मोजायची. आई म्हणायची, "अवं, आपण चारच माणसं आहो!"

* * *

पहिले आले जरीपटक्याचे कापडवाले शेठजी. त्यांनी सोमवारी पॅकेज घेतलं आणि शनिवारी त्यांच्या हातात कंपनीचं पत्र पडलं.

"म्याडम, सोमवार को बोल देते, शनिवार तक रुक जाओ. हम रुक जाते!"

"शेठजी, खरं सांगते, सोमवारी मलाही माहीत नव्हतं," मी म्हटलं आणि घाईघाईने व्हर्जन टूच्या पाच नव्या सोयी वाचून दाखवल्या.

शेठजींनी शांतपणे ऐकलं. "इन पांच में से एक भी मैंने मांगी थी क्या?"

"नाही."

"और पुराने में यादी छपते छपते अटकती है, वो?"

"ते तर नव्यात एकदम दुरुस्त झालंय!" मी उत्साहाने बोलून गेले.

"मतलब छेद तुम्हारा और रफू का पैसा मेरा!"

अपग्रेड तर त्यांनी घेतलं नाहीच, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी एक ब्लाउज पीस पाठवला. सोबत चिठ्ठी होती, "इसमें छेद निकला तो बदल के देंगे. मुफ्त!"

* * *

मे महिन्यात नागपुरात माणूस मुळातच तापलेला असतो, त्यात हे अपग्रेड! यावर बोरकर साहेबांनी एक युक्ती काढली होती. भांडायला आलेल्याला सरळ आतल्या खोलीत बसवायचं. तिथे कॉम्प्युटरसाठी ए.सी. होता. माठातलं वाळ्याचं पाणी द्यायचं आणि अर्धा तास तिकडे फिरकायचंच नाही. अर्ध्या तासाने निम्मे लोक कशासाठी आलो होतो तेच विसरलेले असायचे.

काळे वकील मात्र विसरणाऱ्यातले नव्हते. "व्हर्जन टू मी फुकट घेणार, त्याशिवाय इथून हलणार नाही!" असं सांगून ते अकरा वाजता आत बसले ते चारला उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, पेपर घेऊन. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन! मला आधी राग आला, मग कीव आली. एवढा म्हातारा माणूस, हक्कासाठी रोज उन्हातान्हाचा येतो! मी कंपनीला तीन पत्रं लिहिली, दोन ट्रंक कॉल लावले, अक्षरशः डोकं खाल्लं त्यांचं. फुकट दिलेलं आमच्या पंधरात धरलं जाणार नव्हतं, तरी मी भांडले.

चौदाव्या दिवशी व्हर्जन टू आलं. मी ते वकीलसाहेबांच्या हातात ठेवलं, एकदम अभिमानाने.

त्यांनी फ्लॉपीकडे पाहिलं, मग वर ए.सी.कडे पाहिलं. चेहरा पार उतरला.

"एवढी घाई काहून केली म्याडम? मृगापर्यंत चाललं असतं नं!"

* * *

लहान मुलांचे एक डॉक्टर होते धरमपेठेत. ते फोनवरच कडाडले, "मी एकदा फी घेतली की आठ दिवसांत पेशंट परत आला तर फुकट तपासतो. आणि तुम्ही?"

"डॉक्टर, हे जुन्याची दुरुस्ती नाही, हे नवीन व्हर्जन आहे," बोरकर साहेबांनी समजावलं. डॉक्टरांनी फोन आपटला.

जुलैमध्ये साहेबांच्या मुलाला ताप आला. नेलं त्याच डॉक्टरांकडे. औषध दिलं, फी घेतली, ताप उतरला. चार दिवसांनी पुन्हा चढला. साहेब पुन्हा मुलाला घेऊन गेले. डॉक्टरांनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या आणि हात पुढे केला, "फी."

"आठ दिवस झाले नाहीत की डॉक्टर अजून!"

"तो ताप गेला बोरकर. हे नवीन व्हर्जन आहे!"

साहेबांनी मुकाट्याने पैसे दिले. संध्याकाळी डॉक्टरांचा कंपाउंडर अपग्रेडचे पैसे घेऊन दुकानात हजर! आमचं सहावं.

* * *

गणपती झाले, पितृपक्षात कोणी काही घेईना, आणि दसऱ्यापर्यंत कसंबसं तेराव्यावर पोचलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुहीहून राईस मिलचे पाटील कॉम्प्युटर जीपमध्ये घालून आले.

"पहा नं म्याडम, नुसती घर्रघर्र करून राहिली मशीन. दाखवून काहीच नाही राहिली."

मी फ्लॉपी ओढली तर ती अर्धीच बाहेर आली. ड्राइव्ह उघडला. हळद, कुंकू, चार अक्षता, इथवर मला सवय होती. खंडेनवमीला मिलच्या इंजिनासोबत याचीही पूजा झाली असणार. पण आत, अगदी आत, चुरगळलेलं एक आपट्याचं पान!

"पाटील, हे कोणी घातलं यात?"

"मीच दिलं," पाटील म्हणाले. "मिलमध्ये सगळ्यांले सोनं वाटलं. वर्षभर काम तेही करते, त्याले एकट्याले काहून सोडावं?"

इतक्या भाबडेपणाने सांगितलं, की मला रागावताच येईना. फ्लॉपी पार फाटली होती. त्यांनी हसत हसत व्हर्जन टू घेतलं. चौदावं!

* * *

आणि मग उगवला शेवटचा दिवस. धनत्रयोदशी. संध्याकाळी सहाला मुंबईहून फोन येणार आणि आकडा विचारणार. आमच्याकडे चौदा. बोरकर साहेब सकाळपासून जिन्याकडे डोळे लावून बसलेले, आणि मी त्यांच्याकडे बघायचंही टाळत होते.

अकराच्या सुमारास जिना चढून आले उमरेडच्या विणकर सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे त्यांना काका म्हणायचे. मार्चमध्येच त्यांनी पॅकेज नेलं होतं. एस.टी.ने आले होते, हातात कंपनीचं पत्र आणि सोसायटीचा ठराव.

"मुंबईवाल्यांनी लिहिलं, नवीन घ्या. लोक म्हणाले, घेऊन टाका. हे पैसे."

बोरकर साहेबांचा चेहरा असा फुलला! पावतीपुस्तक माझ्यासमोर सरकवलं. मी पेन उघडलं. पंधरावं! नोकरी वाचली! आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "काका, तुमच्या यादीत नावं किती?"

"एकशे चाळीस."

"छापताना अटकते का?"

"नाही वं बाई. दोन पानं तर होतात."

"मग यात नवीन काय पाहिजे तुम्हाला?"

"ते तूच सांग. काय आहे नवीन?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. "मोठमोठ्या याद्यांसाठी आहे काका. आणि अक्षरं रंगीत दिसतात."

"आमची मशीन तर हिरवंच दाखवते."

"हिरवंच दाखवेल. काका, तुम्हाला याची गरज नाही. पैसे परत न्या."

काकांनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, पैसे पुन्हा खिशात ठेवले. "बरं झालं बाई विचारलं," म्हणाले आणि बारा वाजताची उमरेड गाडी पकडायला निघून गेले.

मी पेनचं टोपण लावलं. वाटलं, आता साहेब ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते पुन्हा जिन्याकडे डोळे लावून बसले. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. बाबांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत बसले.

सहाला फोन खणखणला. साहेबांनी उचलला. पलीकडून आकडा विचारला.

"पंधरा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

"साहेब! पंधरावं कोणाचं?"

"आपलं," त्यांनी पाकीट काढलं. "अवं गजभिये, आपल्या गिऱ्हाइकांची यादी आपण अजून व्हर्जन वनमध्येच ठेवतो नं? दुसऱ्यांले विकून राहिलो, आपण कुठं घेतलं? फाड पावती. बोरकरांच्या नावानं."

मी डोळे पुसत पावती लिहिली, आकडा टाकला, फाडून त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी चष्मा चढवला. पावती वाचली. पुन्हा वाचली. हळूहळू कान लाल झाले आणि त्यांनी काउंटरवर अशी थाप मारली, की पेनस्टँड उडून खाली पडला.

"अर्धी किंमत? काहून? मार्चमध्येच तर घेतलं मी!"