सुकटीच्या पुडीवरच्या दोन चौकटी

सुकटीचा वास आला की ऐंशीच्या दशकातली हर्णे बंदरावरची एक संध्याकाळ आठवते. मी तेव्हा रत्नागिरीत बातमीदार होतो आणि माझी पहिली कादंबरी प्रकाशकाने परत पाठवली होती. होडी बुडण्याचं लांबलेलं प्रकरण आठवड्यात आटोपशीर करा, नाहीतर कादंबरी राहू द्या, असं त्याने कळवलं होतं. बातमीदाराच्या सवयीने मी वारा, लाटा, हाका, सगळं बारा पानांत नोंदलं होतं आणि त्यातली एक ओळही मला काढवत नव्हती. काय ठेवावं, काय काढावं ते सांगणारं, बुडणारी होडी पाहिलेलं कोणी भेटेल म्हणून मी मासळीच्या लिलावात येरझाऱ्या घालत होतो. कोणी बोलायला तयार नव्हतं. शेवटी एका म्हातारीकडून सुकट घेतली. पुडी बांधायला तिने जुन्या कॉमिकचं पान फाडलं आणि आधी ते निरखून पाहिलं. तिला अक्षरओळख नव्हती. एका चौकटीत होडीतला माणूस आणि उठलेली लाट होती, पुढच्या चौकटीत नुसतं तरंगणारं वल्हं. "गेला गो बाय," ती शेजारणीला म्हणाली. मी विचारलं, "बुडताना कुठे दाखवलाय?" "दाकवायला कशाला हवा, भाऊ? वल्हं हाय, मानूस नाय. आमच्या घरी पन वल्हंच आलं हुतं." तिने पुडी बांधून हातात दिली. दापोलीच्या एसटीत बसल्याबसल्या मी बाराही पानं खोडली आणि किनाऱ्याला लागलेल्या वल्ह्याची एक ओळ लिहिली. कादंबरी छापली गेली. होडीचं बुडणं किती बारकाईने रंगवलंय, असं वाचक मला अजून कळवतात.