आवाज काढून घेतलेलं घर

मिस्त्री काही खरे मिस्त्री नव्हते. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात यंत्रापाशी काढलं होतं, आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान इतके किटले होते की घरात कुणी चमचा जरा जोरात ठेवला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. नोकरी संपली आणि त्यांनी घराच्या दुरुस्तीला हात घातला. मग काय विचारता! बिघडलेलं नीट करून झालं, बिघडण्याच्या बेतात असलेलं नीट करून झालं, आणि शेवटी धडधाकट वस्तूंच्या मागे ते हात धुवून लागले. 'मिस्त्री' हे नाव बायकोनं चिडवायला ठेवलं होतं, ते गल्लीनं उचललं. बायकोला सगळे काकू म्हणत.

काकूंना या दुरुस्त्यांचं कौतुकच होतं. वर्षानुवर्षं अडणाऱ्या न्हाणीघराच्या दाराला मिस्त्रींनी रंधा मारला, गळक्या नळाचा वॉशर बदलला, तेव्हा काकूंनी स्वतःहून चहा करून पुढ्यात ठेवला. पुढे पुढे मात्र मिस्त्रींचा सगळा रोख आवाजांवर वळला. दाराखिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल पाजून झालं. माडीच्या जिन्याची एक पायरी करकरायची, तिला खालून पाचर ठोकली. खुर्च्यांच्या पायांना मऊ लोकरी नमद्याचे तुकडे चिकटवले. कड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. बागेत फाटकापासून पायरीपर्यंत खडी पसरलेली होती, ती पाट्यापाट्यांनी उचलून तिथं हिरवळ लावली. घरभर मशीनच्या तेलाचा वास भरून राहिला.

"अहो, आता मला जीभ आहे तेवढी राहिली. तिलाही घाला तेल," काकू म्हणाल्या.

मिस्त्री हसले असावेत. काकूंना ते दिसलं नाही.

कारण काकूंची नजर चालली होती, आणि ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. दोन्ही बाजूंनी पडदे सरकत यावेत तसं त्यांचं दिसणं आवळत आलं होतं. समोर, नाकासमोर, अजून स्वच्छ दिसायचं. माणसाचा चेहरा, सुईचं भोकसुद्धा. पण त्याच्या आजूबाजूचं काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, गेलं ते परत येणार नाही, उरलेलं टिकवायला थेंब घाला. काकूंनी घरी सांगितलं, डोळे कोरडे पडतात, त्याचे थेंब आहेत.

लपवण्याचं कारण त्यांची मावशी. मावशीची दृष्टी गेली आणि घरच्यांनी मायेपोटी तिला पलंगावर बसवलं, ती उठलीच नाही. विळीला हात लावू नको, शेगडीपाशी जाऊ नको, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नको. स्वयंपाकघर हातचं गेल्यावर मावशी थोड्याच दिवसांत बोलायचीही थांबली. काकू एकदा लेकीला फोनवर म्हणाल्या होत्या, "हाताला धरून न्यायची वेळ माझ्यावर आली ना, तर त्याआधी देवानं मला उचललेलं बरं." लेक दुसऱ्या शहरात चौथ्या मजल्यावर राहायची. आईला काही झालं असतं तर ती त्याच दिवशी येऊन बॅग भरणार होती. काकूंना आपलं स्वयंपाकघर आणि आपली बाग सोडायची नव्हती. बस्स, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि इतके दिवस ते जमत होतं ते आवाजांच्या जोरावर. पायरी करकरली की मिस्त्री उतरले. खडी वाजली की कुणी आलं. नळाची टपटप डावीकडून आली की मोरी डावीकडे. काकूंनी घराचा नकाशा कानात ठेवला होता, आणि मिस्त्री एकेक करून तो पुसत होते. त्यांना थांबवायचं तर कारण द्यावं लागलं असतं. काकू गप्प बसल्या.

मग घरात आणखी कुणीतरी आहे असं त्यांना वाटायला लागलं.

पहिल्यांदा ते दुपारी झालं. काकूंनी शेगडीवर दूध ठेवलं आणि त्या बागेत पुदिना खुडायला गेल्या. आठवण झाली तशा धावत आल्या, तर शेगडी बंद. दूध न उतू जाता शांत बसलेलं. त्यांनी हाक मारली, "अहो, दूध तुम्ही बंद केलंत?" थोड्या वेळानं बागेच्या टोकाकडून मिस्त्रींचा आवाज आला, "काय गं? मी इकडे कुंपणाची तार ओढतोय."

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. आपणच बंद केलं असेल, त्यांनी मनाची समजूत घातली.

पण मग ते वाढतच गेलं. वाफ्यात विसरलेली, पाचोळा ओढायची दाताळी भिंतीला टेकून उभी. विळी ठेवली एकीकडे तोंड करून, सापडली दुसरीकडे, पातं भिंतीकडे वळलेलं. उघडं राहिलेलं कपाटाचं दार कपाळावर आपटायचं, ते हल्ली नेहमी मिटलेलं. एकदा त्या जिन्याच्या वरच्या टोकाला उभ्या होत्या आणि पाय चुकून पुढे पडणार, एवढ्यात पाठीमागून साडीचा पदर कशाला तरी अडकला. त्या मागे सरल्या. पदर सुटला. हात फिरवून पाहिला तर तिथं खिळा नव्हता, कठड्याचं टोकही नव्हतं.

आणि तो श्वास. घरातल्या बोळात, माडीवर, न्हाणीघराच्या दाराशी, मानेच्या मागे अगदी जवळ कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे त्यांना कळायचं. मान वळवावी तर समोरच्या त्या नळीएवढ्या उजेडात नुसती भिंत. त्या वळायच्या तसं ते सरकायचं. हाक मारली की मिस्त्री नेहमी लांबूनच ओ द्यायचे, आणि नेहमी जरा उशिरानं.

सांगणार कुणाला? घरात कुणीतरी वावरतंय म्हटलं तर डोळ्यांआधी डोकंच गेलं असं म्हणतील. शेजारच्या वहिनी एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "काकू, हल्ली तुमचं घर किती शांत असतं हो! माणसं आहेत की नाहीत, कळत नाही." पण काकू घाबरून पलंग धरणाऱ्यातल्या नव्हत्या.

एके दिवशी भर दुपारी मिस्त्री म्हणाले, "हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येतो. नळाला नवा वॉशर लागेल." काकूंनी पायरीवर उभं राहून, नजर नेमकी त्यांच्या पाठीवर धरून त्यांना फाटकाबाहेर जाताना पाहिलं. मग बागेतल्या पेरूखालची वाळकी पानं ओटीत भरून आणली. अंधाऱ्या बोळात शिरून त्या मागे मागे सरकत गेल्या आणि आपल्या पुढ्यात पानं पसरत राहिल्या, अगदी दोन्ही भिंतींपर्यंत. मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीतून आधीच आणलेली हातोडी मुठीत धरली. टोकाच्या भिंतीकडे तोंड केलं आणि मुद्दाम पाय लटपटल्यासारखं केलं.

काही नाही.

पुन्हा एकदा पाय लटपटवला, भिंतीला हात टेकून "आई गं" म्हटलं.

मागे पान चुरलं.

एकच. मग कितीतरी वेळ काही नाही. ते थांबलं होतं. पाऊल उचलावं की नाही याचा विचार करत होतं. मग दुसरं पान, जवळचं.

काकू गर्रकन वळल्या आणि सगळा जीव एकवटून त्यांनी हातोडी हाणली. ती कशावर तरी बसली. वरून मऊ, आत टणक. काहीतरी मोडल्याचं त्यांच्या मुठीला कळलं, पण ओरडणं नाही, कण्हणं नाही, तोंडातून ब्रसुद्धा नाही. एवढा घाव बसून जे ओरडत नाही ते माणूस नव्हेच, असं त्यांना वाटलं. त्यांनी हातोडी पुन्हा वर उचलली.

"अगं पुरे," अंधारातून कुणी हळूच म्हणालं. "मी आहे."

हातोडी पडली. काकूंनी दोन्ही हातांनी चाचपलं. सदरा. बटण. खांद्याशी काहीतरी भलत्याच उंचीवर आलेलं हाड. खाली वाकून पायाला हात लावला, तर चपलांच्या तळांनाही नमदा.

"तुम्ही तर बाहेर गेला होतात."

"पुढून जायचो, मागच्या दारानं यायचो."

"ओरडला का नाहीत? अहो, मी जीव घेतला असता तुमचा!"

"सवय झालीय आता," मिस्त्री दात आवळून म्हणाले. "आवाज करायचाच नाही असं ठरवलं होतं. तुला कळू द्यायचं नव्हतं."

काकू पानांवर बसल्या. इतके महिने जे गिळून ठेवलं होतं ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "मला दिसत नाही हो."

"माहीत आहे. तू कपाच्या शेजारी चहा ओतलास ना, त्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू फोनवर म्हणाली होतीस, हाताला धरून न्यायच्या आधी देवानं उचललेलं बरं. मग म्हटलं, हात नको धरायला. नुसतं मागे राहू. पण हे मेलं घर पावलागणिक बोंबलायचं, म्हणून आधी ते गप्प केलं."

काकूंना एकाच वेळी भयंकर राग आला आणि रडू आलं. दोन्हीला वाट करून देत त्यांनी मिस्त्रींना वेडे, मूर्ख, घुमे, काय काय म्हटलं, आणि मग त्यांचा चांगला हात धरून, स्वतः पुढे होऊन, भिंत चाचपत त्यांना दारापर्यंत नेलं. वहिनींना हाक मारली.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. लेक आली तेव्हा मिस्त्रींनी शिडीवरून पडल्याचं बेमालूम सांगितलं. काकू म्हणाल्या, "खोटं. मी मारलं. मला दिसत नाही, मला वाटलं दुसरंच कुणी आहे." लेक आधी हसली, मग रडली, मग तिनं आईची बॅग भरायला काढली.

मिस्त्री हात गळ्यातल्या झोळीत अडकवून तिथंच बसले होते. म्हणाले, "आईला नेलंस तर इथलं कोण बघणार? मला तर पाना धरता येत नाही."

लेक दोन दिवस हुज्जत घालून एकटीच परत गेली.

आता दुरुस्त्या काकू करतात. मिस्त्री स्टुलावर बसून सांगतात आणि त्या बोटांनी चाचपून स्क्रू पिळतात, वॉशर बसवतात. पायरीखालची पाचर त्यांनीच ठोकून काढली. हिरवळ मात्र राहिली, ती खणायला दोघांचे हात पुरेनात. काकूंनी एकच अट घातली आहे: घरात असाल तोवर तोंड चालू ठेवायचं. मिस्त्रींना जन्मात कधी गप्पा मारता आल्या नाहीत. ते बिचारे नुसतं सांगत राहतात, आता उठलो, आता तांब्या घेतला, आता तुझ्या मागून जातोय. वहिनींना वाटतं, म्हातारपणी चळ लागला.

काकूंना ते सगळं ठाऊक आहे. आपल्या मागे कोण होतं, का होतं, कशापायी. त्या माणसावर त्यांचा आधीपेक्षा जास्त जीव आहे, आणि हे त्यांनी त्याला सांगूनही टाकलं आहे. तरी एखाद्या दुपारी काकूंचं काम चालू असताना मिस्त्रींच्या बोलण्यातले शब्द संपतात, त्यांचा डोळा लागतो, घर पुन्हा पूर्वीसारखं गप्प होऊन जातं. मग काकू मान वळवत नाहीत. त्यांचा हात मात्र आपोआप हातोडी शोधायला लागतो.