बिनकॅमेऱ्याचा लॅपटॉप

मुलीची मुलाखत सोमवारी होती आणि गुरुवारी संध्याकाळी मी तिला मोटरसायकलवर मागे बसवून रांझीच्या क्वार्टरमधून शहरात नेपियर टाउनला लॅपटॉप घ्यायला नेलं. पुण्याच्या कंपनीने कळवलं होतं की मुलाखत घरूनच होईल, पण मोबाईलवर चालणार नाही, मध्येच काही लिहूनही दाखवावं लागेल. नोकरीसाठी तिची ही पहिलीच मुलाखत. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे घाबरायचं कामही दोघांत वाटलेलं; पण खरं सांगतो, मोठा वाटा माझ्याकडे होता; सोमवारची रजाही मीच टाकली होती.

मी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणीला. सुटे भाग हातात घ्यायचे, मोजायचे आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, यातच उमर गेली. केसाइतका फरक असला तरी माल परत पाठवणारा माणूस मी, आणि त्या दुकानात नुसताच काउंटरला टेकून उभा होतो. इथे मोजायचं कशाने, तेच कळेना.

काउंटरवर साधारण एकाच भावाचे दोन लॅपटॉप होते. एक कोरा, चकचकीत. पण झाकण बोटाने दाबलं की पापडासारखं वाकायचं, आणि चालू करून दाखवला तर पडदा उजळेपर्यंत माझा चहा संपला. दुसरा कुठल्याशा ऑफिसातून उतरलेला, जाडजूड, बिजागरी पक्की, बटण दाबताच तयार. बॅटरी मात्र तासाभराचीच, वायर लावूनच बसायचं. "नया लोगे तो दिखाने का, पुराना लोगे तो चलाने का," दुकानदार म्हणाला. मुलगी पलीकडे बॅगा बघायला गेली तेव्हा जुन्याकडे बोट करून, आवाज उतरवून त्याने सांगितलं, "भैया, झूठ नहीं बोलूँगा, इसका कैमरा नहीं चलता. इसीलिए इस दाम में है."

मला हायसं वाटलं. हसू नका. कॅमेऱ्यामुळे आमच्याकडे फॅक्टरीच्या गेटवर मोबाईल जमा करून आत जावं लागतं. एकदा एकाच्या खिशात तो चुकून राहिला होता, तर दिवसभर चौकशी चालली. तेव्हापासून कॅमेरा म्हटलं की मी दोन पावलं मागे सरतो. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला बिनकॅमेऱ्याचं यंत्र म्हणजे उलट बरंच, असा हिशेब मी केला. दोष कळूनही मी माल पास केला आणि मुलीला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कंपनीची मेल आली. तिने मोठ्याने वाचली. कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू हवा, नाहीतर मुलाखत रद्द. "अच्छा," एवढंच म्हणून ती ताटं वाढायला उठली. सांगितलं तर पोरगी आजच हातपाय गाळेल, नाही सांगितलं तर सोमवारी परक्या लोकांसमोर तोंडघशी पडेल. इकडे आड, तिकडे विहीर. शनिवारी कामावर मी एकच भाग तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

घरी आलो तर ती बंद लॅपटॉपसमोर नुसती बसली होती.

"काय करून राहिली?"

"कुछ नहीं, बाबा."

मग माझ्याने राहवलं नाही. "त्याचा कॅमेरा चालत नाही. दुकानदाराने मला सांगितलं होतं. मीच बोललो नाही."

आता ही रडेल, नाहीतर माझ्यावर ओरडेल, म्हणून मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. ती म्हणाली, "माहीत आहे. मी पण ऐकलं होतं ना दुकानात."

"मग बोलली काहून नाही?"

तिने झाकणावरून बोट फिरवलं. "मला वाटलं, अच्छा ही है. कॅमेराच नसला तर त्यांना आपलं घर दिसणार नाही."

त्या क्षणी मला कंपनीपेक्षा तिच्या नजरेचीच जास्त भीती वाटली. मी खोलीकडे पाहिलं. पोपडे सुटलेली भिंत, दोरीवर माझी कामाची पॅन्ट, खाटेखाली ठेवलेले डबे. इतकी वर्षं राहिलो, पण बाहेरच्याच्या नजरेने ती कधी पाहिली नव्हती.

वरून लावायचा वेगळा कॅमेरा मिळतो, हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. मी तसाच आल्या पावली जाऊन घेऊन आलो. तिने तो झाकणावर अडकवला आणि पडद्यावर आमची खोली उमटली. मग आम्ही दोघांनी टेबल इकडून तिकडे ओढत एक बरी भिंत शोधली, जेमतेम दोन हात रुंदीची. ती खुर्चीवर बसली, डावी-उजवीकडे सरकून बघितलं, आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "बाबा, सोमवारी त्या वेळेस तुम्ही कुठे बसाल?"

"बाहेर बसतो ना, पायरीवर," मी म्हणालो.

ती 'नको, आतच बसा' म्हणाली नाही.