मास्तरांची न हलवलेली बाटली

ती शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून बाई. तो कपडे शिवायचा, म्हणून मास्तर. फरक एवढाच, की बाईंचं म्हणणं वर्गभर पोरं मुकाट्याने ऐकून घेत आणि घरी नवरा एक अक्षर ऐकत नसे.

मास्तरांना फीट आली ती घराच्याच पुढच्या खोलीतल्या दुकानात, कोटाला अस्तर लावताना. गोळी म्हटली की त्यांच्या घशाला कुलूप लागायचं, म्हणून डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. बाईंनी बाटली हातात घेतली, तर मास्तरांनी ती काढून घेतली.

"मी काय कुकुलं बाळ आहे? जन्मभर लोकांची मापं घेतली. माझं औषध मी मोजून घेईन."

बाटली शिलाई मशीनच्या खणात गेली. थोड्याच दिवसांत मास्तरांचा डावा हात मधूनच उडायला लागला.

"अहो, औषध घेता ना?"

"घेतो म्हटलं ना एकदा!"

मग हात आपसूक शांत झाला. बाई सुस्कारा टाकतात न टाकतात तोच मास्तर झोकांड्या खायला लागले. जीभ जड झाली. एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला डावी बाही उजवीकडे लागली. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा भरदुपारी पिऊन आलाय. नवी बाटली उघडली तसे पाय ताळ्यावर आले, पण हात पुन्हा उडू लागला. ती बाटली संपत आली आणि पुन्हा झोकांड्या.

बाई मेटाकुटीला आल्या. मास्तरांचा चष्मा बदलून झाला, चपला बदलून झाल्या, उशीसुद्धा बदलली. डॉक्टरांनी विचारलं, "औषध वेळेवर असतं ना?" मास्तर छाती काढून म्हणाले, "घड्याळ लावून, आणि मापात तसूभर फरक नाही."

अशातच एके दिवशी बाई वर्गात द्रावण शिकवत होत्या. टेबलावर दोन पेले. एकात मीठ विरघळवलेलं. "वरचा घोट घ्या, मधला घ्या, तळाचा घ्या, खारटपणा तेवढाच. सगळीकडे सारखं, म्हणून हे द्रावण. कितीही वेळ ठेवा, मीठ खाली बसणार नाही." दुसऱ्या पेल्यात खडूची पूड. "ही नुसती तरंगतेय. थांबा जरा, बसेल खाली." पूड बसली, वर निवळ पाणी राहिलं. इतकी वर्षं तेच सांगून बाईंचं तोंड आपोआप चालत असे. डोकं मात्र घरच्या काळजीत होतं.

घरी येऊन बघतात तर मास्तर कापड बेतायच्या टेबलाला टेकून जमिनीवर बसलेले, कपाळावर हे एवढं टेंगूळ. बाईंनी त्यांना सावरून खुर्चीत बसवलं आणि डॉक्टरांना दाखवायला म्हणून खणातून बाटली काढली. सहज तिरकी केली. तळाशी पांढरा, घट्ट थर बसला होता, वर जेमतेम एखादं माप उरलेलं, तेही दाट. बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: घेण्यापूर्वी बाटली चांगली हलवा.

"तुम्ही ही हलवत नाही?"

"छे! हलवली की फेस येतो. फेस आला की माप खोटं पडतं." जीभ अडखळत होती, तरी आवाजात अभिमान होता. "मी इतकी अलगद ओततो, की बाटलीलासुद्धा कळत नाही."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हे द्रावण नाही! यातलं औषध विरघळलेलं नाही, ते खाली बसतं. आधी तुम्ही वरचं पाणी प्यालात आणि आता तळाचा गाळ पिताय! माप बरोबर, पण मापात आहे काय?"

"मग विरघळणारं द्यायचं ना त्यांनी."

"ते पाण्यात विरघळत नाही!"

"म्हणजे दोष औषधाचाच."

बाईंचा संताप निम्मा स्वतःवरच होता. ती तपकिरी बाटली त्यांनी कितीदा पाहिली होती आणि आतलं सगळं वरपासून खालपर्यंत एकसारखं असणार, असं धरून चालल्या होत्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. औषध भलतंच चढलं होतं. त्यांनी ते काही दिवस थांबवलं, मास्तरांवर नजर ठेवली आणि मग नवी बाटली दिली. "तळाचा थर जाईपर्यंत खालीवर करा. फेसाची भीती वाटत असेल तर बिनसुईच्या सिरिंजने मोजा, पण लगेच." सिरिंजवरच्या बारीक रेघा मास्तरांना भलत्याच आवडल्या. हळूहळू पाय सरळ पडायला लागले, हात स्थिर झाला, बाह्या आपापल्या जागी लागल्या.

बाईंच्या नशिबी मात्र स्वस्थता नव्हती. मास्तर आता दिसेल ते हलवायला लागले. घसा धरला म्हणून बाईंनी मिठाचं पाणी करून दिलं, तर ते पेला गरागरा फिरवत बसले.

"अहो, मीठ विरघळलंय! थेंब न् थेंब सारखा आहे!"

"तू मोजलंस?"

बाईंनी पेला हिसकावला, वरचा घोट घेतला, उरलेलं त्यांच्यापुढे आदळलं. "आता तळाचं घ्या आणि सांगा."

मास्तरांनी गुळण्या केल्या, तोंड पुसलं, विचार केला.

"खारट आहे. पण तुझ्याइतकं की कमी, ते मला कसं कळणार?"

बाई तरातरा स्वयंपाकघरात निघून गेल्या.