काय न्हाई झालं

रफिकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बटणाचा रंग ठरवत होते. "ताई, भाईजान गेले..." एवढंच त्यांचा धाकटा भाऊ बोलला. मी आधी हातातलं काम सेव्ह केलं, मग रडले. सवय त्यांनीच लावलेली.

लातुरात क्लासेसच्या गल्लीत आमचं दोन खुर्च्यांचं ऑफिस. क्लासवाल्यांच्या वेबसाइट आम्ही करायचो. मी रंगरूप बघायची, बाकी सगळं ते. सर लोकांना फक्त टॉपरचे फोटो मोठे हवे असत. पण मोबाइलवर प्रवेशाचा फॉर्म भरणारी पोरं कंधारची, धर्माबादची, आणि त्यातली बरीच फोन नंबर मराठी आकड्यांत टाकायची. लगेच लाल अक्षरं यायची, 'अवैध माहिती', आणि गाडी तिथंच अडायची. चूक पोरांची, असं मी म्हटलं तर रफिकभाई भडकले. "पाच म्हंजे पाचच की, ताई! पोरगं आधीच घाबरून राह्यलंय, अन् तुम्ही वरून लाल दिवा दाखवून राहिले." त्यांनी दोन्ही आकडे चालतील असं केलं, आणि उरलेल्या चुकांसाठी साध्या काळ्या अक्षरांत लिहिलं, 'काय न्हाई झालं. परत एकदा करा.'

"अहो, शुद्ध तरी लिहा," मी हसले. तेव्हा ते पहिल्यांदा भूकंपाबद्दल बोलले. लहानपणी पडलेल्या भिंतीखालून त्यांना ओढून काढताना शेजारचे काका एवढंच म्हणत होते, काय न्हाई झालं, काय न्हाई झालं. "अम्मी गेली होती, ताई. सगळंच झालं होतं... पण त्या बोलण्यावर मी उभा राह्यलो." त्यानंतर मी त्या ओळीला हात लावला नाही.

परवा त्या फॉर्मवाल्या क्लासच्या सरांचा फोन आला. नवी साइट पुण्याहून करून घेतलीय, जुनी रविवारी बंद करा. मी भांडले. ती एक ओळ तरी घ्या म्हटलं. "एका ओळीवाचून काय अडतंय, मॅडम?" त्यांचं काहीच अडत नाही. माझं अडतंय. चहावाला अजून दोन कप ठेवून जातो, आणि मी त्याला एक परत ने म्हणत नाही. फार एकटं वाटतं.

काल संध्याकाळी जुना फॉर्म उघडला. नंबरातला एक आकडा मुद्दाम गाळला. ओळ आली... काय न्हाई झालं. परत एकदा करा.

मी परत एकदा तीच चूक केली.