गच्चीवरचं पिंप

आमच्या नेरूळच्या सोसायटीत जहाजावरचे एक निवृत्त कुक राहायचे. रविवारी सकाळीच ते गच्चीवर कापलेल्या लोखंडी पिंपात निखारे पसरून डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा झाकून ठेवत. कुणाला झाकण उघडू देत नसत. "घाई केली की मांस रुसतं," म्हणत.

"कुकरमध्ये लावा की!" मी एकदा म्हटलं.

त्या संध्याकाळी मांस बोटांनीच सुटलं. त्याचे धागे काढून, गूळ-चिंचेत कालवून ते म्हणाले, "चला घरी."

त्यांची बायको अर्धांगानं खाटेवर होती. तिला चावता येत नव्हतं. त्यांनी घास भरवला. तिनं तो सावकाश गिळला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुमाला पण द्या म्हणते," ते म्हणाले.

आमच्या घरी डुक्कर चालत नसे. मी हात पुढे केला.