आठ बाइटांची अडचण

नोएडात ब्रॉडबँड नवंनवं आलं तेव्हा मी एका इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. तालुक्याच्या गावी बी.एस्सी. केलं, दिल्ली गाठली आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून फिरायला लागलो. घरी जाताना बसमध्येही मी ते काढत नसे. का काढायचं? कमावलेलं होतं.

आमच्या विभागाची एक पद्धत होती. नेट चालत नाही म्हणून कुणाचा फोन आला की त्याच्या लाइनवर पिंग मारायचा. पिंग म्हणजे एक चिमुकला निरोप. तो ग्राहकाच्या मोडेमपर्यंत जातो आणि परत येतो. परत आला की लाइन ठीक, तक्रार बंद. एका बाईंची तक्रार आम्ही अशी बरेचदा बंद केली होती आणि त्या ती दर वेळी पुन्हा उघडत होत्या. एकदा त्यांचा फोन माझ्याकडे आला. "मैं कब से सांग रही हूँ," असं त्या चिडून म्हणाल्या आणि मी सरळ मराठीत विचारलं, नेमकं काय होतंय?

"अहो भाऊ, आधीच नाही का बोलायचं?"

त्यानंतर सगळी हकिकत आली. नवरा फौजेत, सीमेवर. बाई आधी छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहत. तिथल्या बायकांच्या वर्गात त्या पंचिंग शिकल्या, म्हणजे भरतकामाच्या मशीनला समजेल असं डिझाइन कॉम्प्युटरवर टाका-टाका करून बनवायचं. नोएडात कपडे शिवून परदेशी पाठवणारे कारखाने भरपूर, म्हणून त्यांनी इथे भाड्याने घर घेतलं होतं. आतापर्यंत त्या फ्लॉपी घेऊन रिक्षाने कारखान्यात जायच्या. पण कारखान्याला आता डिझाइन मेलवर हवं होतं. दिवसभर दुरुस्त्या निघतात, कारखान्यातल्यांना रिक्षाची वाट बघायची नव्हती. कारखान्याच्या फाटकासमोरच एक पंचिंगवाला दुकान थाटून बसला होता. मेल जमत नसेल तर नवी ऑर्डर त्याला देऊ, असं मालकाने स्पष्ट सांगितलं होतं.

"दोन ओळींची चिठ्ठी जाते हो," त्या म्हणाल्या. "डिझाइन जोडलं की अर्ध्यात अडकतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. लाइन खराब असेल तर दोन्ही अडायला हवं. चिठ्ठी कुठली आणि वेलबुट्टी कुठली हे तारेला काय कळतं? आणि आमचा पिंग तर मजेत जाऊन येत होता. तेव्हा सुचलं, की आपण नेहमी चिमुकलाच निरोप पाठवतो. मोठा पाठवून कधी बघितलाच नाही.

मी त्यांना कॉम्प्युटरवरची काळी खिडकी उघडायला लावली आणि फोनवरून एकेक अक्षर सांगत त्यांच्याकडूनच पिंग मारून घेतला. दर वेळी आकार थोडा वाढवायचा. त्या सांगायच्या, "आलं. आलं. हेही आलं." मग एकदम, "नाही आलं." आता जरा कमी करा म्हटलं. आलं. थोडं वाढवा. नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही ब्लाउजचं माप घेताय का?"

घेतच होतो. माप निघालं चौदाशे ब्याण्णव. नेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट तुकडे करून जाते आणि मोठ्यात मोठा तुकडा साधारणपणे पंधराशे बाइटांचा, म्हणजे समजा पंधराशे अक्षरांचा. आमच्या जोडणीत त्यातले आठ बाइट निव्वळ पाकिटालाच लागायचे. नवे मोडेम ते आठ आपणहून वजा करत. बाईंचा मोडेम पहिल्या खेपेतला. तो पंधराशेचे तुकडे घ्यायचा, ते पुढे मावायचे नाहीत, मग टाकून द्यायचा आणि कुणाला काही सांगायचाही नाही. कॉम्प्युटर बिचारा उत्तराची वाट बघत बसायचा. आठ बाइटांत 'नमस्कार' लिहून पुढे फारसं काही उरत नाही, आणि तेवढ्यापायी एका बाईचं काम जात होतं. खरं सांगतो, मला वाईट वाटायच्या आधी नवल वाटलं.

बदलून द्यायला मोडेम नव्हता. पण आमच्या मुख्य सर्व्हरवर एकेका ग्राहकासाठी तुकड्याची वेगळी मर्यादा लावता येत असे. मोडेम जोडला जातानाच ती लागू होते आणि दोन्ही टोकांना बजावते, की यापेक्षा मोठं पाठवू नका. मी साहेबांकडे गेलो. ते रोहतककडचे, मनाने मोकळे, पण वेगळेपणाचा त्यांना तिटकारा. आज एकाला वेगळी सेटिंग दिली तर उद्या प्रत्येक जण मागेल, ती सांभाळत कोण बसणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी बसेन. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कर ले," ते म्हणाले. "बिगड़ा तो तू जाने."

मी मर्यादा लावली आणि आमच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे बत्ती जायची वाट बघितली. हा रिवाज सांगायला हवा. सेटिंग लागू व्हायला मोडेम एकदा बंद होऊन चालू व्हावा लागतो. ग्राहकाला तसं सांगितलं की तो वाद घालतो. आणि नोएडात वीज तर रोज जायचीच. तेव्हा आम्ही बदल करून गप्प बसायचो. वीज जायची, यायची, मोडेम आपोआप नव्याने जोडला जायचा. वीजवाले आपलेच बिनपगारी नोकर आहेत, असं साहेब म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. डिझाइन अडकलेलंच. मी विचारलं, काल तुमच्याकडे वीज गेली होती का? दोनदा गेली, म्हणाल्या. सेटिंग पाहिली, जागेवर होती. त्याच दिवशी केलेले इतरांचे बदल लागू झाले होते. फक्त बाईंचाच नाही. कारखान्याने त्यांना त्या संध्याकाळपर्यंतचीच मुदत दिली होती. मी अर्धी रजा टाकली आणि त्यांच्या घरी गेलो.

दुसऱ्या मजल्यावरचं लहानसं घर. टेबलावर कॉम्प्युटर, भोवती रंगीत दोऱ्यांच्या रिळा. पडद्यावर कोयऱ्यांची नक्षी होती, एकीच्या शेपटात दुसरी गुंतलेली. मी पाणी पीत होतो तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. शेजारच्या घरातला टीव्ही गप्प झाला. पण समोरच्या कोयऱ्या तशाच, आणि मोडेमचे हिरवे दिवेही तसेच.

"वहिनी, हा चालू कसा?"

"इन्व्हर्टरवर आहे ना. काम अर्ध्यात गेलं की सगळे टाके पुन्हा घालावे लागतात, म्हणून यांनी मागच्या सुट्टीत बसवून दिला." मग जरा अभिमानाने, "आणि तुमचाच लाइनवाला सांगून गेला होता, हा कधी बंद करू नका. तेव्हापासून एकदाही केला नाही."

मोडेमच्या बटणावर चिकटपट्टी होती. फौजी घर. हुकूम म्हणजे हुकूम. मला हसू आवरेना.

त्या मात्र हसल्या नाहीत. "माझं काम चाललंय हातचं, आणि तुम्ही दात काढताय?"

मी सांगितलं, की अख्ख्या नोएडात वीज गेल्यावर न विझणारा तुमचा एकच मोडेम आहे, आणि आमचं सगळं गणित तो विझण्यावर आहे. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग नखाने चिकटपट्टी सोडवली आणि बटण स्वतःच दाबलं. दिवे गेले. थोडं थांबून पुन्हा दाबलं. दिवे एकेक करून आले.

त्यांनी मेलला कोयऱ्या जोडल्या. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. ती रोज जिथे थांबायची तिथे त्यांनी आधीच बोट टेकवून ठेवलं होतं. पट्टी बोटाखाली शिरली आणि पलीकडून निघाली.

थोड्याच वेळात कारखान्याचा फोन आला. डिझाइन मिळालं, म्हणे, पण कोयरीचं शेपूट जाड झालंय, बारीक करून पाठवा. बाईंनी विचारलं, कधीपर्यंत?

"अब तो मेल से आता है ना, मैडम. अभी."

त्या माझ्याकडे पाठ करून कामाला बसल्या. "भाऊ, चहा तुम्हीच टाका," म्हणाल्या. "साखर वरच्या फळीवर आहे."

मी स्वयंपाकघरात गेलो, पण कान पडद्याकडे. ती पट्टी मला आणखी एकदा सरकताना बघायची होती. चहाला उकळी आली, कप घेऊन बाहेर आलो, तोवर दुसरं डिझाइन गेलंसुद्धा होतं.